बेनाम राजपुत्र आणि बेदखल गायिका

कोणी बनवलं ते विचारू नका, काय बनवलं ते बघा. असं कुणी म्हणालं की आपले कान टवकारले पाहिजेत. कॉलेजच्या प्रवेशापासून नोकरीच्या मुलाखतीपर्यंत हे वाक्य वेगवेगळे कपडे घालून आपल्यासमोर येत राहतं. आडनाव कशाला काढता, गुणवत्ता बघा. म्हणणाऱ्याचं स्वतःचं आडनाव मात्र आयुष्यात कधी त्याच्या आड आलेलं नसतं.

आज हे वाक्य जरा अनपेक्षित जागी पकडायचं आहे. हाऊस म्युझिक. आपल्यातली बरीच तरुण मंडळी हल्ली कानाला हेडफोन लावून रात्र-रात्र हे संगीत ऐकत अभ्यास करतात, काम करतात. ऐकावं, मीही ऐकतो. पण या संगीताभोवती 'बेनाम कलाकार' नावाची एक भक्ती उभी राहिली आहे. तिची झाडाझडती घ्यायला हवी, कारण तिच्यात तोच जुना गुणवत्तेचा युक्तिवाद नव्या ठेक्यावर वाजतो आहे.

या भक्तीचं सगळ्यात लाडकं दैवत म्हणजे ट्राउमप्रिन्त्स. जर्मन भाषेत याचा अर्थ स्वप्नातला राजपुत्र. हे अर्थातच टोपणनाव. आणि हे एकच नाही. हाच माणूस प्रिन्स ऑफ डेन्मार्क, हाच डीजे मेटाट्रॉन, पुढे हाच डीजे हीलर आणि प्राइम मिनिस्टर ऑफ डूम. खरं नाव जाहीर नाही, चेहरा नाही, प्रसिद्धीसाठी मुलाखतींचा रतीब नाही. जर्मनीतल्या वायमार शहरातून सुरू झालेल्या गीगलिंग नावाच्या छोट्या लेबलच्या वर्तुळातून तो पुढे आला. २०१३ मध्ये प्रिन्स ऑफ डेन्मार्क या नावाने 'द बॉडी' हा अल्बम आला. २०१६ मध्ये '८' नावाचा आठ तबकड्यांचा संच आला. २०१८ मध्ये डीजे हीलर या नावाने 'नथिंग टू लूज'. तबकड्या मोजक्याच निघायच्या, हातोहात संपायच्या आणि मग जुन्या रेकॉर्डच्या बाजारात त्यांचे भाव अनेक पटींनी चढायचे.

संगीत चांगलं आहे, हे आधीच सांगून टाकतो. ठेका संथ, वर धुकं पसरल्यासारखे सूर, मधूनच दुरून आल्यासारखा माणसाचा आवाज. रात्री दोन वाजता ऐकलं तर आत कुठेतरी हलतं. माझं भांडण त्या माणसाशी नाही. त्याने तोंड दाखवावं असा माझा आग्रह नाही. कुणाच्या घरात डोकावायचा हक्क श्रोत्याला नसतो. माझं भांडण आहे ते त्याच्या बेनामीतून जे तत्त्वज्ञान काढलं जातं त्याच्याशी. या कलाकाराने अहंकार सोडला, नाव सोडलं, उरलं ते फक्त शुद्ध संगीत, अशा थाटाचं लिखाण त्याच्याबद्दल वर्षानुवर्षं होत आलं. बेनामी म्हणजे जणू संन्यास. आणि मग ओघानेच, जे कलाकार आपलं नाव, आपला रंग, आपली वस्ती, आपला हिशोब घेऊन उभे राहतात ते जरा खालच्या पायरीचे. ते म्हणे संगीतात राजकारण आणतात.

आता जरा व्यवहारात या. आपल्याकडे शेताच्या बांधावर पाटी कोणाची आहे याला फारशी किंमत नसते; सातबारा कोणाच्या नावावर आहे ते विचारतात. ट्राउमप्रिन्त्सच्या शेतावर पाटी नाही. पण तबकडी विकली जाते, तिचे पैसे कुठेतरी जातात, हक्कांची नोंद कोणाच्या तरी नावाने होते. हे सगळं करणाऱ्या लोकांना तो माणूस ठाऊक आहे. म्हणजे तो जगासाठी बेनाम आहे, कागदासाठी नाही. पाटी त्याने स्वतःच्या मर्जीने उतरवली आणि उतरवल्यामुळे माल महाग झाला. हा संन्यास नाही. ही व्यवस्थित राखलेली जागा आहे, आणि राखायला विश्वासाची माणसं लागतात, फुकट लिहिणारे समीक्षक लागतात, उद्या घरभाडं भरता येईल याची थोडीफार खात्री लागते.

याच गीगलिंगचं २०१७ मधलं एक प्रकरण आठवा. लेबलच्या संस्थापकांपैकी एक, कॉन्स्टँटिन, जर्मनीच्या 'ग्रूव्ह' मासिकाशी बोलताना म्हणाला की बायका डीजे म्हणून सहसा पुरुषांपेक्षा कमी पडतात, तरी त्यांनाच जास्त पुढे केलं जातं. जगभर गदारोळ झाला, मग खुलासे आणि माफी. बघा, चेहरा महत्त्वाचा नाही असं ज्यांच्या संगीताबद्दल सांगितलं जात होतं, त्यांच्या अंगणात बाई आल्याबरोबर चेहरा एकदम महत्त्वाचा झाला. आरक्षणाच्या विरोधात बोलणारा आपला वर्गमित्र आणि हा बर्लिनच्या क्लबांत वाजवणारा डीजे यांनी एकाच शिकवणीला जावं इतकं साम्य आहे.

पण हा झाला उपप्रश्न. मुख्य प्रश्न असा, की हे संगीत मुळात कोणाचं?

हाऊस हे नावच एका जागेचं आहे. शिकागोमध्ये १९७७ साली रॉबर्ट विल्यम्स यांनी द वेअरहाऊस हा क्लब सुरू केला आणि न्यूयॉर्कहून फ्रँकी नकल्स या तरुण काळ्या डीजेला तिथे आणलं. येणारे बहुतेक काळे आणि लॅटिन अमेरिकी, त्यातले बहुसंख्य समलिंगी. गोऱ्या शहराने काळे म्हणून बाहेर ठेवलेले आणि स्वतःच्या वस्तीने, चर्चने समलिंगी म्हणून बाहेर ठेवलेले. दोन्हीकडून बाहेर. दुहेरी बहिष्कार म्हणजे काय हे आपल्यातल्या बायकांना वेगळं समजावून सांगायला नको. वेअरहाऊसमध्ये वाजतं ते हाऊस, असं नाव पडलं.

त्याच शहरात १२ जुलै १९७९ ला कोमिस्की पार्क या बेसबॉलच्या मैदानावर डिस्को संगीताची होळी झाली. स्टीव्ह डाल नावाच्या रेडिओ निवेदकाने ती घडवली. डिस्कोची एक तबकडी घेऊन या, अठ्ठ्याण्णव सेंटमध्ये आत या. मैदानात तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवला, हजारो तरुण मैदानात घुसले. त्या दिवशी विन्स लॉरेन्स नावाचा काळा मुलगा तिथे प्रेक्षकांना जागा दाखवायचं काम करत होता. त्याने पुढे अनेकदा सांगितलं आहे, की लोकांनी आणलेल्या तबकड्यांत डिस्को नसलेल्या, पण काळ्या गायकांच्या तबकड्या भरपूर होत्या. गेटवर त्या कुणी परत पाठवल्या नाहीत. जाळणाऱ्यांना संगीताचा प्रकार कळत नव्हता. रंग कळत होता. पाच वर्षांनी, १९८४ मध्ये, जेसी सॉन्डर्स यांनी 'ऑन अँड ऑन' ही तबकडी काढली. हाऊसची पहिली तबकडी म्हणून बहुतेक जण तिचंच नाव घेतात. ती लिहिण्यात सॉन्डर्स यांच्याबरोबर हाच विन्स लॉरेन्स होता.

म्हणजे ज्या दिवशी यांचं संगीत जाळलं, त्या दिवशी कुणी "कोणी बनवलं ते विचारू नका" म्हणालं नाही. जाळताना ओळख लागते. विकताना ती अडचण होते.

विकायची वेळ आली तेव्हा काय झालं? १९८४ मध्येच शिकागोत ट्रॅक्स रेकॉर्ड्स सुरू झाली. चालवणारा लॅरी शर्मन, गोरा, तबकड्या दाबायच्या कारखान्याचा मालक. जुन्या न खपलेल्या तबकड्या वितळवून त्यावर नवं संगीत छापायचा, म्हणून ट्रॅक्सच्या तबकड्या खरखरायच्या. या खरखरीवर युरोपातले संग्राहक आज जीव टाकतात आणि नवे प्रोड्युसर संगणकातून तशी खरखर मुद्दाम घालतात. मूळ खरखर ही मालकाच्या काटकसरीची होती.

ट्रॅक्सवर लॅरी हर्ड या माणसाने मिस्टर फिंगर्स या नावाने 'कॅन यू फील इट' काढलं, १९८६ साली. लक्षात घ्या, टोपणनाव त्यानेही घेतलं होतं. एक सिंथेसायझर, एक ड्रम मशीन, आणि घरात बसून केलेलं काम. ज्याला पुढे डीप हाऊस म्हणायला लागले त्याचा पाया इथे आहे. ट्राउमप्रिन्त्सचे ते धुक्यासारखे सूर ऐकताना मला प्रत्येक वेळी हर्ड आठवतो. वंशावळ स्पष्ट आहे. पण या टोपणनावामागे कागद उभा नव्हता. आपल्या गाण्यांचे पैसे आपल्याला मिळाले नाहीत, असं म्हणत हर्ड आणि त्याचा गायक साथीदार रॉबर्ट ओवेन्स यांनी २०२० मध्ये ट्रॅक्सविरुद्ध दावा लावला. २०२२ मध्ये समझोता झाला आणि गाण्यांचे हक्क त्यांच्याकडे परत आले. छत्तीस वर्षं! जगातल्या प्रत्येक क्लबमध्ये वाजलेलं गाणं, आणि ते आपलं आहे हे कागदावर यायला छत्तीस वर्षं. त्याच २०२२ मध्ये डझनाहून अधिक कलाकारांनी ट्रॅक्सविरुद्ध आणखी एक दावा लावला. त्यांत मार्शल जेफरसन होते, 'मूव्ह युअर बॉडी' बनवणारे. ते गाणं बनवलं तेव्हा ते टपाल खात्यात नोकरी करत होते.

नुकसान फक्त प्रोड्युसरांचं झालं नाही. सगळ्यात वाईट वागणूक मिळाली ती गाणाऱ्या बायकांना, आणि या भागावर आपल्याकडे जवळजवळ कोणी लिहीत नाही. १९८९ मध्ये ब्लॅक बॉक्स या इटालियन गटाचं 'राईड ऑन टाइम' ब्रिटनमध्ये सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. त्या वर्षी ब्रिटनमध्ये सगळ्यात जास्त खपलेलं एकेरी गाणं तेच. गाण्यातला तो आवाज लोलिएटा हॉलोवे यांचा. शिकागोच्या, चर्चमध्ये गाऊन तयार झालेल्या गायिका. त्यांच्या १९८० च्या 'लव्ह सेन्सेशन' मधून तो उचलला होता. विचारलं नव्हतं. आणि टीव्हीवर ओठ हलवायला उभी होती कात्रिन किनोल, एक सडपातळ मॉडेल. हॉलोवे यांनी कायद्याचा बडगा उगारल्यावर तोच भाग दुसऱ्या गायिकेकडून, हीदर स्मॉलकडून, गाऊन घेतला गेला. तिचंही नाव नाही!

याच गटाच्या १९९० च्या 'ड्रीमलँड' अल्बममधली अनेक गाणी मार्था वॉश यांनी गायली होती. आवाजाच्या कामाची ठरलेली बिदागी देऊन त्यांना घरी पाठवलं, आणि अल्बमवर पुन्हा किनोलचा चेहरा. त्याच वर्षी सी अँड सी म्युझिक फॅक्टरीच्या 'गॉना मेक यू स्वेट' मध्येही तेच. "एव्हरीबडी डान्स नाऊ" अशी जी आरोळी आपल्याकडच्या वरातीतसुद्धा ऐकू येते, ती मार्था वॉश यांची. व्हिडिओत दुसरीच बाई. ही दुसरी बाईही काळीच होती, हे विसरू नका. म्हणजे इथे फक्त रंगाचा हिशोब नव्हता. वॉश यांचं शरीर जाडजूड, आणि बाजाराला असा देह दाखवायचा नव्हता. त्यांनी स्वतः हे जाहीरपणे सांगितलं आहे. आवाज हवा, बाई नको. राबणारे हात हवेत, पंगतीला माणूस नको. आपल्याला हे नवीन आहे का?

मार्था वॉश गप्प बसल्या नाहीत. कोर्टात गेल्या, कंपन्यांना तडजोड करावी लागली आणि त्या भांडणानंतर गायकाचं नाव छापण्याबाबत अमेरिकेतल्या संगीत कंपन्यांना नीट वागावं लागलं. 'नावाचा अहंकार' म्हणून ज्याची टिंगल होते, तो हा अहंकार. एका बाईने तो धरला म्हणून पुढच्या कितीतरी बायकांची नावं छापली गेली.

कुणी म्हणेल, ही जुनी गोष्ट झाली, आता सगळं कायदेशीर असतं. मग डाफ्ट पंकचं बघा. फ्रान्सची जोडी, यंत्रमानवाचे मुखवटे घालून जगप्रसिद्ध झालेली. त्यांनी निदान १९९७ च्या 'टीचर्स' या गाण्यात आपल्या काळ्या गुरूंची नावं एकामागून एक घेतली. हा प्रामाणिकपणा मान्य करायला हवा. त्यांचं २००० सालचं 'वन मोअर टाइम' ज्या तुकड्यावर उभं आहे, तो एडी जॉन्स या गायकाच्या १९७९ च्या 'मोअर स्पेल ऑन यू' मधला. २०२१ मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सने या एडी जॉन्स यांना शोधून काढलं. ते त्याच शहरात होते. मधली काही वर्षं त्यांनी बेघर म्हणून काढली होती. या गाण्यातून त्यांच्या हाती काही आलं नव्हतं. डाफ्ट पंकने पैसे बुडवले नव्हते. पैसे नियमाप्रमाणे त्या जुन्या तबकडीचे हक्क धरून बसलेल्या फ्रेंच कंपनीकडे जात होते. सगळं कायदेशीर. फक्त ज्याच्या गळ्यातून ते निघालं तो माणूस कागदावर नव्हता. बातमी आल्यावर मग कंपनीने त्याची विचारपूस केली.

मुखवटा घातलेले दोघे जगाला माहीत, आणि उघड्या तोंडाने गायलेला माणूस रस्त्यावर बेनाम.

यावर एक खरा आक्षेप येतो, त्याला टाळून चालणार नाही. मुखवटा म्हणजे नेहमीच श्रीमंतांची चैन असते का? नाही. डेट्रॉइटमध्ये हाऊसचा सख्खा भाऊ टेक्नो जन्मला. तिथल्या अंडरग्राउंड रेझिस्टन्स या गटाने तोंडं झाकली. माइक बँक्स, जेफ मिल्स आणि साथीदार. बँक्स यांनी वर्षानुवर्षं फोटो काढू दिले नाहीत. पण पाठोपाठ काय केलं ते बघा: स्वतःचं लेबल, तबकड्या वाटणारी स्वतःची कंपनी, स्वतःची इमारत. चेहरा झाकला आणि सातबारा घट्ट धरला. १९९९ मध्ये त्यांच्या डीजे रोलँडोने 'नाइट्स ऑफ द जॅग्वार' काढलं. सोनीच्या जर्मन शाखेने परवानगी न मिळवता त्याची सुरासूर नक्कल करून घेतली. तेव्हा या बेनाम लोकांनी जगभरच्या श्रोत्यांना उठवलं, ईमेलचा मारा झाला, आणि सोनीला माघार घ्यावी लागली. (नंतर दुसऱ्या मोठ्या कंपनीने ती नक्कल उचललीच. बाजार एका दाराने गेला की दुसऱ्याने येतो.) या मुखवट्यामागे एक वस्ती उभी होती, आणि ती कोण आहे हे कुणापासून लपवलेलं नव्हतं. आम्ही डेट्रॉइटचे काळे कामगार आहोत हे ते ओरडून सांगत होते, फक्त एकट्यादुकट्याचा चेहरा विकायला नकार देत होते. १९७२ मध्ये ब्लॅक पँथरचं नाव उचलून मुंबईत उभ्या राहिलेल्या आपल्या पोरांना हे लगेच समजलं असतं.

तिसरीही एक बेनामी आहे, ती आपल्याच खिशात आहे. खोली भाड्याने घेताना अर्धं नाव सांगणारी, ऑफिसात आडनाव पुसट करून बसणारी, समाजमाध्यमांवर टोपणनावाने लिहिणारी मुलं-मुली आपल्यात आहेत. त्यांना कुणी 'शुद्ध कलेचे उपासक' म्हणत नाही; भित्रे म्हणतात. ती ढाल आहे, आणि ढाल धरणाऱ्याला ती खाली ठेव असं सांगणारा बहुतेक वेळा तलवारीच्या बाजूला उभा असतो. ट्राउमप्रिन्त्सच्या बेनामीला गूढ म्हणायचं आणि यांच्या बेनामीला लबाडी, हा कुठला न्याय?

आणि आता थोडं आपल्याच घरात. आपली गाण्याची परंपरा नाव घेणाऱ्यांची आहे. देवळाबाहेर ठेवलेल्या चोखोबाने अभंगाच्या शेवटी स्वतःचं नाव कोरलं. वामनदादा कर्डकांच्या गाण्यात शेवटी 'वामन' येतो. कॉपीराइट कशाशी खातात हे माहीत नसलेल्या माणसांनी नाव गाण्याच्या आतच विणून ठेवलं, म्हणजे ते काढायचं तर गाणंच फाडावं लागेल. आज जयंतीच्या मिरवणुकीत काय होतं? जुन्या भीमगीताखाली तोच शिकागोचा चार ठोक्यांचा ठेका घातला जातो. घालावा, मला त्यात काही पाप दिसत नाही. आपल्या पोरांच्या पायाला तो ठेका आवडतो. पण दर वीस सेकंदांनी डीजेचं नाव घुमतं, फाइलवर डीजेचं नाव, बॅनरवर डीजेचं नाव. आणि गाणं लिहिणाऱ्याचं, गाणाऱ्या बाईचं नाव कुठेच नाही. शेवटचं कडवं लांबतं म्हणून कापलं जातं आणि त्याबरोबर कवीची नाममुद्राही जाते. ब्लॅक बॉक्सने इटलीत बसून जे केलं ते आपण आपल्याच शाहिरांना, आपल्याच गायिकांना करतो आहोत, आणि तेही निळ्या झेंड्याखाली.

हे कुणी कंपनीवाला करत नाही, आपली पोरं करतात, त्यामुळे दावा कुणावर लावणार? हे मंडळाच्या बैठकीतच बोलावं लागेल. वर्गणीतून डीजेला सुपारी देताना अट घालता येते: कडवं कापायचं नाही, आणि गीतकार, गायक, संगीतकार ही तीन नावं फाइलवर आणि माइकवर आली पाहिजेत. नावं सापडत नाहीत, ही सबब चालणार नाही. जुन्या कॅसेटची कव्हरं अजून आपल्या घराघरांत, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत पडून आहेत. नावं बारीक अक्षरात आहेत, पण छापलेली आहेत.

जय भीम!